पहिला अर्ज इंदापूरचा

सोमवार, १ फेब्रुवारी १९९९, बारामती

उंचीच्या रकान्यात एका बहाद्दरानं लिहिलंय, 'आईपेक्षा उंच'. दुसऱ्यानं लिहिलंय, 'बरी'. वयाच्या ठिकाणी 'लग्नाचं'. नावाच्या चौकटीत एकानं 'चि.' एवढंच टाकलंय आणि गडी पुढं गेलाय. आता ह्या चि.ला मी कुठं हुडकू?

समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाचं इंटरनेटवरचं पान आमच्या कॉम्प्युटर क्लासनं केलंय. म्हणजे केलंय मी, मिरवतात रमाकांत सर. सर वालचंदनगरला हापिसात होते, निवृत्ती घेऊन बारामतीत क्लास काढला. माणूस सरळ आहे, पण कॉम्प्युटरला अजून लांबूनच हात लावतो. पुण्या-मुंबईची पोरं पानावर आपापले अर्ज भरतात. इंदापूरकडचे कागद तिथल्या स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवाल्या प्रयागबाईंकडं जातात, त्या एका बोटानं टाइप करून धाडतात. भरलेला अर्ज ई-मेल होऊन आमच्याकडं येतो. मी छापतो, मंडळाला देतो.

सर आज म्हणाले, बिरू, प्रत्येक चौकटीत आधीच एक नमुना लिहून ठेव. माणसानं तो वाचायचा, खोडायचा, तिथं आपलं लिहायचं. पटलं मला. आपल्या लोकांना नमुना समोर असला की जमतं. लग्नपत्रिकासुद्धा आपण शेजाऱ्याची पुढ्यात ठेवूनच छापायला टाकतो.

बुधवार, ३ फेब्रुवारी

नमुने बसवले. नाव: बानू सोनबा कोकरे. गाव: कन्हेरी. वय: २२. उंची: पाच फूट दोन. शिक्षण: बारावी, डी.एड. अपेक्षा: घरात मेंढरं नसावीत.

काहीतरी लिहायचंच होतं. घरातलं, धाकट्या बहिणीचं नाव पटकन सुचतं. दुसऱ्याच्या पोरीचं टाकलं असतं तर तिचा बाप काठी घेऊन आला असता. बानू काही भांडायला येणार नाही. मेंढरांचं वाक्य तिचंच. आबांच्या मेंढरांमागं हिंडून वैतागली होती. म्हणायची, म्या बिनमेंढराच्या घरात जानार, न्हायतर जल्मभर तुमच्याच उरावर बसनार.

एवढंच कारण. मी काही हळवा माणूस नाही.

एक खोट राहिलीय. नमुन्याची अक्षरं भरलेल्या अक्षरांसारखीच काळीभोर दिसतात. कुठलं आपलं, कुठलं नमुन्याचं, कळत नाही. सरांना हवंय की चौकटीवर क्लिक केलं की नमुना आपोआप निघून जावा. चार ओळींची स्क्रिप्ट आहे. उद्या बघू.

सोमवार, ८ फेब्रुवारी

सकाळी ई-मेल उघडली. पहिला अर्ज इंदापूरचा. नाव: बानू सोनबा कोकरे. गाव: कन्हेरी. वय: २२.

दोनदा वाचलं. मग डोकं ताळ्यावर आणलं. प्रयागबाईंचा हात चुकून बटणावर पडला असणार, नमुना तसाच आला. अर्ज काढून टाकला. तरी पण ते नाव इंदापूरकडनंच यावं, हे बरं वाटलं नाही. कालवा तिकडंच जातो.

लिहूनच टाकतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं होतं. बानू घोंगड्या धुवायला गेली. सतरा वर्षांची, नुकती अकरावी झालेली. काठावर घोंगड्या वाळत घातलेल्या सापडल्या, तिची एक चप्पल सापडली. ती सापडली नाही. आबा आणि मी कालव्याच्या कडंकडंनं पार इंदापूरच्या पुढं गेलो, भेटेल त्या पाटकऱ्याला विचारत. पाणी बंद झाल्यावर कोरड्या कालव्यातनंही गेलो.

आई म्हणते, मढं घावलं न्हाय म्हंजी मरान न्हाय. भावकी आबांना म्हणते, दर्भाचा पुतळा करा, अग्नी द्या, पोरीची सुटका हुईल, पोराचं लगीन बी जमंल. (पोरगा म्हणजे मी. मंडळाचं पान करणारा मास्तर स्वतः एकोणतिशीत बिनलग्नाचा, हा क्लासमधल्या पोरांचा रोजचा विनोद.) आबा तयार आहेत. आई नाही. "जित्या लेकीचं दिवस घालू व्हय?" असं विचारते. मी समजावून बघितलं. आई, पाच वर्षं झाली, खुळ्यासारखी वाट बघू नको. तर महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

रोज येतोय. सकाळी पहिला तोच. त्याच्यामागं प्रयागबाईंचे बाकीचे अर्ज येतात, ते अगदी नीट, उंचीबिंचीसकट. म्हणजे बाईंना नमुना खोडायचं समजतंय. मग हा पहिला कसा येतो?

फोन करून विचारायला पाहिजे. फोन समोरच आहे. आज क्लासला गर्दी होती.

सोमवार, २२ फेब्रुवारी

फोन केला नाही. स्क्रिप्टही लिहिली नाही. सरांना सांगितलं, जुन्या ब्राउझरवर चालायची नाही. चालते.

हल्ली आलेला अर्ज लगेच काढून टाकत नाही. दुपारपर्यंत ठेवतो, मग काढतो. का, ते मला विचारू नये. वहीनं तर मुळीच विचारू नये.

शनिवार, ६ मार्च

आज आला नाही. लाइन तोडली, परत जोडली, परत तोडली. फोनचं बिल गेलं खड्ड्यात. पोरांना एक्सेल शिकवताना दोनदा चुकलो. सर म्हणाले, कुणाच्या ई-मेलची एवढी वाट बघतोयस, जमलं की काय कुठं?

दुपार टळल्यावर आला. इंदापुरात सकाळपासून लाइट नव्हती म्हणे. बानू सोनबा कोकरे, वय २२. बरं वाटलं. मग चहा मागवला तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही नव्हतं.

जेवताना आई माझ्याकडं टक लावून बघत होती. म्हणाली, तुज्या तोंडावर कायतरी आलंय. मी म्हटलं, ऊन लागलंय.

गुरुवार, २५ मार्च

आठवडाभर तापानं घरी पडून होतो. आज गेलो तर सर खुशीत. माझ्या माघारी त्यांनी स्वतः अर्ज छापले, स्वतः यादी केली, मंडळाच्या मेळाव्यात वाटलीसुद्धा. माझ्यापुढं कागद धरला. मुलींच्या यादीत पहिलंच नाव, पुढं कंसात 'इंदापूरहून'.

सरांना बानू माहीत असायचं कारण नाही. मला विचारतात, तुझ्या गावची दिसतेय, कोकरे म्हणजे भावकीतली का रे? मी म्हटलं, हो सर, भावकीतली.

एवढ्या एका वाक्यानं ताप परत चढल्यासारखं झालं. मंडळात जाऊन नाव खोडून आणायला पाहिजे होतं. उद्या जातो.

रविवार, २८ मार्च, कन्हेरी

गेलो नाही. आणि आज पाव्हणे आले.

कोऱ्हाळे बुद्रुकची जीप दारात थांबली. कुंडलिकराव म्हणून गृहस्थ, त्यांची मंडळी, आणि एक म्हातारे. पांढरे फेटे, अंगाला अत्तर. पोराचा फोटोही आणला होता. टेकले आणि म्हणाले, पोरगी बघायला आलोय. आबा उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. आई आतनं पदर सावरत बाहेर आली. विचारलं, कोन पोरगी?

कुंडलिकरावांनी खिशातनं यादी काढली, चष्मा लावला. "इंदापूरवरनं नाव आलंय. बानू. डीएड झाल्याली, बावीस वर्साची. आन मेंढराचं म्हनाल तर आमच्यात एक बी न्हाय आता. समदा ऊसच हाय."

आई भिंतीला धरून खाली बसली. मला वाटलं आता हंबरडा फोडणार. नाही फोडला. उठली, पोहे केले, चहा केला, त्या बाईंना कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली. म्हणाली, पोरगी सध्या इंदापूरला असती, घिऊन आली की सांगावा धाडती. पाव्हणे समाधानानं गेले.

मी छपराच्या मेढीला टेकून उभा होतो. बोलायला पाहिजे होतं की हे माझं काम आहे, मी लिहिलंय. तोंड उघडलंच नाही. असा भित्रा माणूस आमच्या सात पिढ्यांत झाला नसेल.

पाव्हण्यांची जीप वळते न वळते तोच आईनं ट्रंक उघडली. "उद्या इंदापूरला जायाचं. मेंढराचं तिला सोडून दुसऱ्या कुनाला ठावं?"

आबांनी मला गोठ्याकडं बोलावलं. ह्यात तुझा हात आहे का, म्हणाले. मी म्हटलं, कॉम्प्युटरची चूक झाली. आबा बराच वेळ जनावराच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "कॉम्प्युटरला आपली बानू कशी ठावं असंल?"

सोमवार, २९ मार्च

सकाळच्या एसटीनं आईला घेऊन निघालो. तिच्याजवळ पिशवी. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बानूसाठी ट्रंकेत जपून ठेवलेलं हिरवं लुगडं. कालवा दिसला की ती मान वळवून बघायची, दिसेनासा झाला की सरळ बसायची. प्रत्येक थांब्यावर ठरवलं की पुढच्या थांब्याच्या आत सांगायचं. असं करत इंदापूर आलं.

प्रयागबाई म्हणजे ठसठशीत बाई, नाकावर चष्मा, एका कानाला फोन. आईनं बूथच्या दारातनंच विचारलं, माजी लेक कुठं हाय? बाई आईकडं बघतात, माझ्याकडं बघतात. शेवटी मीच म्हटलं, ते पान उघडा, रोज सकाळी पहिला अर्ज कसा पाठवता ते दाखवा.

लाइन लागली. पान हळूहळू खाली उतरलं. चौकटी आल्या, चौकटींत बानू आली. प्रयागबाईंनी काही न लिहिता बटणावर बोट ठेवलं. "असा. हाय तसा."

मी विचारलं, का पण?

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. जत्रंचं नवं पावतीपुस्तक आलं की पहिली पावती देवाच्या नावानं फाडतात का नाही? पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात का नाही? मग सकाळी दुकान उघडलं की पहिला अर्जही देवाचा. कुणीतरी आधीच लिहून ठेवलाय, तो आहे तसा पाठवायचा, त्याला हात लावायचा नाही. मग गिऱ्हाइकांचं खोडून-लिहून. मी म्हटलं, अहो पण वाचलं नाही का कधी? म्हणाल्या, देवाची पावती कोन वाचत बसतंय?

हसायला यावं अशी गोष्ट. कुणी हसलं नाही. आई पडद्यापुढं गेली. तिला वाचता येत नाही, पण नाव कुठं असेल ते तिनं बरोबर हेरलं.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी."

"मेंढराचं?"

"मीच."

"शिकल्याली कुनी लिवली?"

"मी, आई. नमुना म्हणून लिहिलं. पोरांना कळावं, कसं भरायचं."

"बावीस?"

"ते पण मीच."

आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं कानाखाली काढते. ती अगदी हळू म्हणाली, "म्हंजी तू बी मोजत हुतास."

येताना भाकरी तिनं सोडली, मला दिली, स्वतः खाल्ली नाही. मी खिडकीकडं तोंड करून रडलो. लिहायला आता काय लाज.

गुरुवार, ८ एप्रिल

कोऱ्हाळ्याला जाऊन कुंडलिकरावांना सगळं सांगून आलो. माणूस बोलेल, जोड्यानं हाणेल, अशी तयारी ठेवली होती. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, पाणी पाजलं आणि म्हणाले, तुमच्या आईनं आमच्या मंडळीची ओटी भरलीय, आता तुमचं घर आमचंच समजा. ह्यापेक्षा हाणलं असतं तर बरं होतं.

एवढं सगळं झालं तरी नमुने काढले नाहीत. प्रयागबाईंना म्हटलं, पहिला अर्ज बंद करा. म्हणाल्या, देवाचं बंद कसं करू, तुमी तुमचं लिवल्यालं काढा की. बरोबर आहे त्यांचं. मला जमत नाही. बसतो, फाइल उघडतो, बंद करतो.

आणि घरी आता वेगळंच सुरू झालंय. आई रोज मी घरात पाऊल टाकलं की विचारते, आला का आज? मी म्हणतो, आला. ती मान हलवते आणि पीठ मळायला घेते. आबा आमच्या दोघांकडं बघतात आणि उठून बाहेर जातात. आधी मी एकटा वाट बघत होतो, आता आम्ही मायलेक बघतो. आईला खुळी म्हणणारा तो शहाणा कुठं गेला, देव जाणे.

भीती वाटते. पुढच्या वर्षी मी त्या चौकटीत तेवीस लिहीन. मग चोवीस. आई विचारत राहील, आला का. आबा असेच बाहेर जात राहतील. माझ्या घरात कुणी नांदायला येईल की नाही ते सोडाच, आम्हीच नांदत नाही आहोत.

सोमवार, १९ एप्रिल

आई क्लासला आली. एकटी, वडापच्या जीपमधनं, घामाघूम. पोरं उठून उभी राहिली. सरांनी खुर्ची दिली आणि काय समजले कोण जाणे, पोरांना घेऊन पलीकडच्या खोलीत गेले.

म्हणाली, दाव मला.

पान उघडलं. तिनं एकेक चौकट वाचायला लावली. नाव, गाव, उंची. उंचीला म्हणाली, पाच फूट दोन कशावरनं? मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बोटभर जास्त धरली. अपेक्षा वाचली तेव्हा तोंडाला पदर लावला, पण त्यात थोडं हसूही होतं.

मग म्हणाली, "वय चुकीचं हाय. सतरा लिव."

मी म्हटलं, आई, आता ती...

"सतराची हुती. तेवढंच म्या बघितलंय. सतरा लिव."

बावीस खोडून सतरा लिहिलं. प्रयागबाईंसारखं पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं. पडद्यावर सूचनेचा एक चौकोन आला. तो मीच बसवलेला, कायद्यासाठी, विसरूनही गेलो होतो. अर्ज पुढं गेला नाही.

आईनं विचारलं, काय म्हनतंय? मी वाचलं: मुलीचे वय अठरापेक्षा कमी असू नये.

"परत दाब."

परत दाबलं. परत तेच.

पलीकडं सर पोरांना काहीतरी मोठ्यानं समजावत होते. आईनं डोळे पुसले, नाक पुसलं, पदर नीट केला.

"खरंच सांगतंय ते," म्हणाली. "सतराची पोर हितं न्हाय चालत. आन ती अठराची झाली न्हाय."

तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"काढ तिला हितनं."

हात उचलेना. तिनं पडद्याच्या काचेवर, नावावर, बोटं टेकवली, मेंढराच्या पिल्लाला टेकवावीत तशी. मग हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, काढ, म्या बघती. मी शेवटच्या अक्षरापासनं मागं मागं खोडत आलो. आडनाव गेलं, आबा गेले, बानू गेली. मोकळ्या चौकटीत तेवढी उभी रेघ उघडझाप करत राहिली. मग मूळ फाइलीतनं काढलं आणि फाइल वर चढवली. 'पूर्ण नाव', 'वय आकड्यात', 'उंची फूट-इंचात' असं आता चौकटीच्या बाहेर, शेजारी लिहिलंय. पहिल्या दिवशीच असं करता आलं असतं. सुचलं नाही असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

घरी आल्यावर आबा अंगणात बसले होते. आई चप्पल काढता काढता त्यांना म्हणाली, "भावकीला सांगा. लेकीचं दिवस घालायचं."

आबांनी टोपी काढली. मग ते रडले. पाच वर्षांत पहिल्यांदा.

सोमवार, ३ मे

गेल्या आठवड्यात कऱ्हेच्या काठी सगळं उरकलं. दर्भाच्या पुतळ्याला आईनं ते हिरवं लुगडं नेसवलं, निऱ्या स्वतः काढल्या, कुणाला हात लावू दिला नाही. पायाशी ती एक चप्पल ठेवली. अग्नी मी दिला. पाठचा भाऊ नाही, म्हणून थोरल्यानं. कोऱ्हाळ्याहून कुंडलिकराव आणि त्यांची मंडळी आली होती, न बोलावता. त्या बाई आईजवळ बसून राहिल्या.

आज क्लासला गेलो. दार उघडतोय तोच फोन वाजला. प्रयागबाई. मधले दिवस बूथ बंद होता, भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. आवाज घाबराघुबरा. म्हणाल्या, मास्तर, चौकटी समद्या मोकळ्याच हायत की, कुनीच न्हाय आत. आता देवाचा अर्ज कसा पाठवू?

मी म्हटलं, मोकळाच पाठवा.

"कुनाच्या नावानं पर?"

म्हटलं, देवाच्याच.

थोड्या वेळानं आला. पहिला अर्ज इंदापूरचा. नाव रिकामं, गाव रिकामं, वय रिकामं. त्याच्यामागं बाकीचे, नीट भरलेले. एका मुलीनं अपेक्षेत लिहिलंय, 'सासरी नळ पाहिजे'.

घरी आलो. आईनं विचारलं, आला का आज?

म्हटलं, आला. कोरा.

तिनं मान हलवली, पिठात हात घातला. म्हणाली, तेवढा ऱ्हाऊ दे.

काढून टाकला नाही. ठेवलाय.